पोटखराब्याचे मोल

सातबाऱ्याचा उतारा ज्याने कधी लक्षपूर्वक वाचला असेल त्याच्या ध्यानात असेल की, लागवडीयोग्य क्षेत्राच्या आकड्याखाली त्यात ‘पोटखराबा’ अशी एक नोंद असते आणि तिचे ‘वर्ग अ’ व ‘वर्ग ब’ असे दोन भाग पाडलेले असतात. खडकाळ उतार, घळी, मुरमाड माथे, म्हणजे जेथे नांगर चालत नाही अशी सारी जागा पहिल्या वर्गात जाते. ओढा, तळे, रस्ता, स्मशान अशी दहाजणांच्या वहिवाटीतली जागा दुसऱ्या वर्गात जाते. महसुली दप्तराच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच की, या क्षेत्रावर आकार नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी मोजणी-आकारणीची पद्धत घालून दिली आणि जी पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली, तिच्यामागे रयतेला झेपेल एवढाच सारा घ्यावा हा हेतू होता, आणि न पिकणारी जमीन आकारणीतून वगळणे हे त्या हेतूला धरूनच होते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ‘खराबा’ या शब्दात सरकारची थोडी दयाच होती, असे म्हणावे लागेल.

परंतु शब्दाचा मूळ हेतू लोपला तरी शब्दाचा अंमल चालूच राहतो. गाव वाढून शहर झाले, शेते जाऊन सोसायट्या आल्या, सातबाऱ्याच्या जागी मिळकतपत्रिका आली. तरी ज्यावर आकार नाही त्याला मोल नाही, ज्याला मोल नाही ती जागा रिकामी, आणि जी रिकामी ती भरून काढण्यास हरकत नाही, अशी एक तर्कपरंपरा कचेऱ्यांच्या आणि नागरिकांच्याही मनात घट्ट बसून राहिली. टेकडीचा उतार पीक देत नाही हे खरे. पण शहराच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस प्रथम झेलण्याचे, त्यातला काही जिरवण्याचे आणि उरलेला सावकाश खाली सोडण्याचे काम तो करतो. ओढ्याच्या पात्रात ज्वारी येत नाही हेही खरे. पण ते उरलेले पाणी कोणाच्या घरात न शिरता नदीपर्यंत नेण्याचे काम तो करतो. ही दोन्ही कामे सार्वजनिक बांधकामाच्या कोणत्याही कामाइतकीच खरी आहेत, आणि नगराच्या जमाखर्चात त्यांची नोंद ‘काम’ म्हणूनच झाली पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

नगररचनेच्या शास्त्रात अलीकडे यास ‘हरित पायाभूत व्यवस्था’ असे नाव रूढ झाले आहे. रस्ते, जलवाहिन्या, विजेच्या तारा ही जशी शहराची एक पायाभूत व्यवस्था, तशीच डोंगरउतार, ओढे, तळी, कुरणे, रस्त्याकडेची झाडे आणि पाणी मुरू देणारी उघडी माती ही दुसरी. या नावातील ‘हरित’ या विशेषणाकडे लोकांचे लक्ष लगेच जाते आणि मग हिरवळ, कारंजे, फुलांचे ताटवे यांनीच हा विषय संपला असे वाटू लागते. वस्तुतः त्या संज्ञेचा भार आहे तो ‘व्यवस्था’ या शब्दावर. जलवाहिनीचे दहा तुकडे दहा ठिकाणी उत्तम स्थितीत असले आणि एकमेकांस जोडलेले नसले तर घरातल्या नळाला थेंबही येणार नाही. तद्वत शहरात शंभर उद्याने असली आणि टेकडी, ओढा व नदी यांचा परस्परसंबंध तुटलेला असला तर त्या उद्यानांनी डोळ्यांस विश्रांती मिळेल, पण पाऊसकाळी शहराचे रक्षण होणार नाही.

या गोष्टीचा हिशेब कोणालाही घरच्या घरी मांडता येण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर; तेव्हा ५० मिलिमीटरची एक जोरदार सर आली की एका गुंठ्यावर ५ हजार लिटर, एका एकरावर २ लाख लिटर आणि शंभर एकरांच्या टेकडीवर २ कोटी लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर हे २ हजार टँकर झाले. जमीन झाडागवताची असेल तर त्यातला बराच भाग मुळांच्या वाटेने आत जातो आणि उरलेला रेंगाळत, वळसे घेत, तासातासांनी खाली येतो. तीच जमीन फरसबंद, डांबरी किंवा सिमेंटची झाली की जवळजवळ सारे पाणी काही मिनिटांत एकदमच पायथ्याशी हजर होते. पाऊस तेवढाच, टेकडी तीच, पण पायथ्याच्या ओढ्यावर येणारा भार मात्र कित्येक पटींनी वाढलेला. पाऊस वाढला म्हणून पूर आला, हे म्हणणे म्हणूनच पुष्कळदा अर्धसत्य असते.

पुण्याच्या आंबील ओढ्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरात तो उगम पावतो, कात्रजच्या तळ्यांतून पुढे सरकतो, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा असा उतरत दांडेकर पुलापाशी येतो आणि पुढे मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळापर्यंत तो पेठांच्या भागातून वाहत असे. त्यांनी त्याला बांध घालून पर्वतीच्या बाजूने वळवले आणि पर्वतीच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण तळे निर्माण केले. त्या तळ्यातील बेटावरची सारसबाग आणि तेथला ‘तळ्यातला गणपती’ आजही प्रसिद्ध आहेत. तळे मात्र बुजले आणि त्याच्या जागी विसाव्या शतकात बगीचा झाला. वर कात्रजला त्याच पेशव्यांनी १७५० च्या सुमारास धरण बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणले. जमिनीखालून नेलेल्या त्या दगडी नळात केवळ उतारावर पाणी चालत असे. डोंगरात पडलेला पाऊस तळ्यात थांबवायचा, तळ्याचे पाणी नळाने हौदात आणायचे, आणि जादा झाले तर ओढ्याने नदीस द्यायचे, असा हा सारा एकाच विचाराचा प्रपंच होता.

त्या नळावर ठिकठिकाणी दगडी मनोरे बांधलेले होते आणि त्यांना ‘उच्छ्वास’ असे सार्थ नाव होते. असा एक उच्छ्वास मी प्रथम पाहिला तेव्हा तो काय आहे हे मला कळले नव्हते. घडीव दगडांचा, माणसाच्या उंचीहून थोडा अधिक असा तो चौकोनी मनोरा एका भिंतीला खेटून उभा होता. त्याच्या सांध्यांतून पिंपळाचे रोप उगवलेले होते आणि त्याच्या माथ्यावर कोणी तरी फुटकी कुंडी ठेवून दिली होती. नंतर एका वृद्ध गृहस्थांनी समजावून सांगितले की, नळात कोंडलेली हवा येथून बाहेर पडे, पाण्यातला गाळ याच्या तळाशी बसे, आणि तो गाळ काढण्यासाठी माणूस येथूनच आत उतरत असे. तेव्हापासून त्या उच्छ्वासांकडे मी आदराने पाहतो, आणि त्याचे कारण केवळ पुरातनत्व हे नव्हे. बांधणाऱ्याने बांधतानाच निगराणीचा विचार केला होता, माणूस आत कोठून उतरणार हे आधी ठरवून मग दगड रचला होता, ही गोष्ट मला त्या बांधकामातील सर्वांत थोर वाटते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच आंबील ओढ्याला पूर आला. पुण्याने १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय पाहिलेला आहे आणि त्याची आठवण घराघरांत आहे. परंतु त्या वेळी धरण फुटले होते. २०१९ मध्ये कोणतेही धरण फुटले नाही. दक्षिणेकडच्या डोंगरांवर काही तास मुसळधार पाऊस पडला आणि जो ओढा वर्षातले आठ महिने लोकांच्या खिजगणतीतही नसे, त्याने काठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, तळमजल्यांवरच्या घरांत पाणी घातले, मोटारी पालापाचोळ्यासारख्या एकावर एक रचून ठेवल्या. पुणे शहर आणि परिसरात त्या रात्रीने वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. त्याआधी २०१३ च्या जून महिन्यात कात्रज घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर कापलेल्या जागेतून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि मोटारीतल्या मायलेकी वाहून गेल्या, तेव्हाच खरे म्हणजे इशारा मिळालेला होता. मुंबई २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसात मिठी नदीविषयी जे शिकली, तेच पुण्याला चौदा वर्षांनी आपल्या ओढ्याविषयी शिकावे लागले.

असे का झाले, याचे उत्तर काही अंशी आपल्या भाषेतच सापडते. ज्याला आमच्या आधीची पिढी ओढा म्हणत असे त्याला महापालिकेच्या कागदोपत्री ‘नाला’ म्हणतात आणि काठावर राहणारे आम्ही सर्रास ‘गटार’ म्हणतो. शब्द एकेक पायरी खाली उतरला तशी त्या जलप्रवाहाची प्रतिष्ठाही उतरली. ओढ्याच्या काठी बाया धुणे धूत, मुले डुंबत, करंजाच्या आणि उंबराच्या सावलीत गुरे बसत. नाल्याकडे पाठ करून घरे बांधली जातात. आणि गटार झाकून टाकावे, त्यावर रस्ता करावा, जमल्यास वाहनतळ करावा, यातच सगळ्यांना सुधारणा दिसते. अंदाजपत्रकात पाहावे तर या प्रवाहांसाठी मुख्यतः दोनच बाबी आढळतात, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई आणि सीमाभिंत. नालेसफाईत काढलेला गाळ कित्येकदा काठावरच रचून ठेवला जातो आणि पहिल्याच पावसात तो पुनश्च आत येतो. सीमाभिंतीने पात्र अरुंद होते, पाण्याचा वेग वाढतो आणि एका वस्तीचे संकट खालच्या वस्तीकडे सरकते.

कारभाराची विभागणीही या अनास्थेला पोषकच आहे. उद्यानखात्याकडे बागा, मलनिःसारणाच्या खात्याकडे नाले, पथविभागाकडे रस्ते, टेकड्यांपैकी काही वनखात्याकडे तर काही खासगी मालकांकडे, आणि नदी पाटबंधारे खात्याच्या अखत्यारीत. पावसाचा एक थेंब टेकडीच्या माथ्यापासून नदीपर्यंत जाताना चार-पाच खात्यांच्या हद्दी ओलांडतो, आणि त्याच्या संपूर्ण प्रवासाला जबाबदार असा अधिकारी एकही नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ सालीच नद्या, ओढे, नाले, तळी यांची पात्रे, जेथे ती अन्य कोणाच्या मालकीची नाहीत तेथे, सरकारची म्हणून सांगितली आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी वनीकरण आणि पर्यावरणरक्षण हा विषय नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातला आहे. कायद्याने मालकी सांगितली, कर्तव्यही सांगितले. उणीव आहे ती हिशेबाची आणि निगेची.

डोंगर, उतार आणि पाणी यांचा एकत्र विचार करणारी दृष्टी आपल्याकडे परकी आहे असेही नाही. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे नगरचिंतक १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, गावोगाव पायी हिंडून त्यांनी अनेक नगरांचे अहवाल लिहिले, १९१८ मध्ये इंदूरच्या होळकर दरबारासाठी मोठा अहवाल सिद्ध केला, आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन केले. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा एक उभा छेद डोळ्यांपुढे ठेवून मगच गावाचा विचार करावा, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते. हिवतापाच्या भयाने गावोगावची तळी बुजवावीत असे मत त्या काळी प्रबळ असता, तळ्यात मासे आणि बदके ठेवली तर डासांचा बंदोबस्तही होतो आणि तळेही राखले जाते, असे ते सांगत. आमच्या शहरांच्या विकास आराखड्यांत मात्र तो उभा छेद कोठे दिसत नाही. दिसतो तो सपाट कागद आणि त्यावरचे पिवळे, निळे, हिरवे रंग. कागदावर टेकडी आणि मैदान सारखेच सपाट दिसतात, आणि तेथेच पुढच्या अनर्थाचे बीज पडते.

अमेरिकेतील बॉस्टन शहराची कथा मला या संदर्भात फार बोधप्रद वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बॅक बे भागातील खाजण सांडपाण्याने नासले होते आणि भरती-पावसाचे पाणी वस्तीत शिरत होते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७८ नंतर तेथे जे काम हाती घेतले ते आज एक सुंदर उद्यानमाला म्हणून जगास माहीत आहे. पण त्यांच्या मते ते प्रथम पाण्याचे आणि आरोग्याचे काम होते, शोभा त्यामागून आली. पुढच्या पिढ्यांना शोभा तेवढी आठवली. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच मालेतील मडी नदीचा एक भाग मोटारी उभ्या करण्याच्या सोयीसाठी नळात घालून बुजवला गेला, आणि १९९६ च्या ऑक्टोबरात नदी त्या अरुंद मुखाशी तुंबून तिचे पाणी शहरातील भुयारी रेल्वेच्या स्थानकात उतरले. अखेर तो नळ उखडून नदी पुन्हा उघडी करण्यासाठी शहराला मोठा खर्च सोसावा लागला. सिंगापूरने अशी आपत्ती येण्याची वाट पाहिली नाही. तेथील बिशान उद्यानाच्या कडेने कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सिमेंटचा सरळ कालवा होता. तो फोडून त्याच नदीला उद्यानाच्या मधून ३.२ किलोमीटरचा नागमोडी, मातीचा, गवताळ काठांचा मार्ग करून देण्यात आला आणि २०१२ मध्ये हे काम पुरे झाले. एरवी त्या काठावर मुले खेळतात. पाऊस आला की तेच मैदान नदीचे पात्र होते आणि लोक वर चढून येतात. एकच जमीन दोन कामे करते, म्हणून ती दुप्पट मोलाची ठरते.

आता टेकड्यांविषयी. पुण्यात समाविष्ट झालेल्या तेवीस गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर डोंगरउतारांवर ‘जैववैविध्य उद्याना’चे आरक्षण सुचवले गेले आणि दीर्घ वादानंतर २०१५ मध्ये राज्य शासनाने ते मान्य केले. हा निर्णय घडवून आणण्यासाठी ज्या नागरिकांनी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, त्यांचे ऋण शहराने मान्य केलेच पाहिजे. परंतु आरक्षणाची रेघ ओढली म्हणजे टेकडी वाचली असे होत नाही. जमीन ताब्यात येईपर्यंत पायथ्याकडून एकेक पत्र्याची शेड वर सरकते, रात्रीतून मुरूम उचलला जातो, आणि आरक्षणाचा हिरवा रंग कागदावर ताजा असताना खाली उतार करडा होत जातो.

शिवाय हिरवे दिसणे आणि कार्यक्षम असणे यांतही अंतर आहे. आमच्या टेकड्यांवर वनीकरणाच्या नावाने गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया, हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड फार मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते झपाट्याने वाढते, दुरून हिरवेगार दिसते, पण त्याच्या दाट छायेत गवत फारसे टिकत नाही. या टेकड्यांचा मूळ धर्म गवताचा, आणि मधूनमधून सालई, धावडा, गणेर, मेडशिंगी, पळस असा विरळ वृक्षांचा. गेल्या आषाढात एका टेकडीवर सरीत भिजत मी बराच वेळ उकिडवा बसून पाणी पाहिले. एका बाजूस गवताचे जुने थोंब होते. त्याच्या पात्यांवरून पाणी ओघळे, मुळांशी नाहीसे होई आणि हातभर खाली बारीक, नितळ धारेने पुन्हा प्रकट होई. दोन हातांवर पायवाटेची उघडी, तुडवलेली माती होती. तेथे तोच पाऊस तांबडा होऊन, खडे लोटत, आवाज करीत धावत होता. थोड्या वेळाने पायवाटेच्या कडेला बोटभर खोल चर पडला आणि पाहता पाहता त्या चराने शेजारचे एक थोंब मुळासकट उखडले. ओढ्याच्या पुराची सुरुवात अशी बोटभर चरापासून होते, हे त्या दिवशी मला जसे उमगले तसे कोणत्याही ग्रंथाने उमगले नसते.

या विचारावर जे आक्षेप घेतले जातात त्यांना उत्तर दिले पाहिजे, कारण ते घेणारी माणसे काही शहराची वैरी नव्हेत. पहिला आक्षेप असा की शहरातली जमीन सोन्याच्या भावाची आहे, ती गवतासाठी राखणे परवडत नाही. यावर माझे म्हणणे असे की, हे परवडणे दुसऱ्या बाजूनेही मोजावे. ज्या रात्री पूर येतो त्या रात्रीचा खर्च, म्हणजे मोडलेले संसार, वाहून गेलेली वाहने, खचलेले पूल, गमावलेले दिवस आणि कशानेच न भरून येणारे जीव, हा कोणाच्याही अंदाजपत्रकात आधी दिसत नाही, म्हणूनच केवळ जमीन राखण्याचा खर्च जड वाटतो. दुसरा आक्षेप टेकडीच्या मालकांचा आहे, आणि तो मला न्याय्य वाटतो. पिढीजात जमिनीवर आरक्षण टाकायचे, ८ टक्के हस्तांतरणीय विकासहक्क देऊ करायचा आणि मोबदल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवायचा, हे बरोबर नव्हे. टेकडी साऱ्या शहराचे काम करते, तर तिचे मोल साऱ्या शहराने दिले पाहिजे. ते एका शेतकरी कुटुंबाच्या माथी मारता येत नाही.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा असतो की, गवताने आणि वळणाने पूर थांबत नाहीत, त्यासाठी भक्कम बांधकामच लागते. यात तथ्य आहे. पेठांसारख्या दाट वस्तीत पाइपही लागतील आणि भिंतीही. अतिवृष्टीच्या एखाद्या रात्री कोणतीच व्यवस्था एकटी पुरी पडणार नाही. परंतु वरचा उतार आणि मधली तळी जर पाण्याला थोपवून धरीत असतील तर खालचा पाइप लहान पुरतो आणि अधिक काळ टिकतो. म्हणजे हिरवी व्यवस्था सिमेंटच्या व्यवस्थेचा भार हलका करते. आणि चौथा प्रश्न, जो बहुधा विचारलाच जात नाही, तो ओढ्याकाठच्या झोपडवासीयांचा. ओढा मोकळा करा म्हटले की पहिला बुलडोझर त्यांच्याच दारी येतो, पात्रावर भराव घालून बांधलेल्या इमारतींच्या दारी मात्र तो क्वचितच पोहोचतो. ज्यांना शहराने राहण्यास दुसरी जागाच ठेवली नाही ते पात्रात राहिले. त्यांचे पुनर्वसन, त्यांच्या कामाच्या ठिकाणापासून जवळ आणि पाऊस येण्याच्या आधी, ही या कामाची पहिली बाब असली पाहिजे, शेवटची नव्हे.

मग करावयाचे काय? मला तीन गोष्टी सुचतात आणि तिन्ही दप्तरातूनच सुरू होतात. पहिली अशी की, महापालिकेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत जशी प्रत्येक पाण्याची टाकी आणि प्रत्येक पूल नोंदलेला असतो तसा प्रत्येक ओढा उगमापासून संगमापर्यंत त्याच्या मूळ नावानिशी, लांबीरुंदीसह आणि पूररेषेसह नोंदला जावा, आणि दर वर्षी मृगापूर्वी त्याची प्रत्यक्ष मोजणी होऊन तिचा नकाशा वॉर्ड कचेरीत भिंतीवर लागावा. दुसरी अशी की, खात्यांच्या हद्दी कायम ठेवूनही प्रत्येक ओढ्याच्या पाणलोटाला एक जबाबदार अभियंता असावा, ज्याच्या सहीशिवाय त्या पाणलोटात ना टेकडी कापता येईल, ना पात्र वळवता येईल, ना रस्त्याच्या कडेची उघडी माती सिमेंटखाली जाईल. तिसरी गोष्ट निगेची, आणि ती सर्वांत अवघड आहे.

निगेच्या बाबतीत गोव्याच्या खाजनांकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. खाडीकाठची ही शेते समुद्रसपाटीच्या आसपास किंवा तिच्याही खाली असतात. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी मातीचे बांध आणि पाण्याची ये-जा राखणाऱ्या लाकडी दारांच्या मानशी यांच्या आधारावर तेथे शतकानुशतके कोरगुटसारखे भात पिकत आले. ती शेते टिकली याचे कारण बांधांची बळकटी एवढेच नाही. गावकारी या तेथील ग्रामसंस्थेने बांधांची देखभाल हा गावाचा नित्याचा खर्च मानला होता, आणि बांध फुटला तर तो कोणी दुरुस्त करावयाचा हे ठरलेले होते. जेथे ती सामुदायिक निगा सुटली तेथे खारे पाणी आत आले. मातीगवताच्या व्यवस्थेचा हा स्वभावच आहे की, ती बांधून विसरता येत नाही. सिमेंटची भिंत दहा वर्षे दुर्लक्ष सहन करते, ओढ्याचा काठ एक वर्षही सहन करीत नाही. म्हणून उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा बारमाही नेमणुकीवरचा माळी, गवंडी आणि राखणदार या कामी अधिक मोलाचे, आणि त्यांच्या पगाराची तरतूद हीच शहराच्या खऱ्या निष्ठेची कसोटी होय.

जुन्या महसुली भाषेत ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. पोटखराब्यापुढे तो शून्य लिहिला गेला, कारण तेथून वसूल करण्यासारखे काही नव्हते, आणि त्या काळच्या शेतकऱ्यासाठी ते योग्यच होते. आता त्या रकान्यात शून्याच्या जागी एक रक्कम लिहिण्याची वेळ आली आहे. आंबील ओढ्याच्या नावापुढे, कात्रजच्या उतारापुढे, प्रत्येक शहरातल्या अशा प्रत्येक ओढ्यापुढे आणि टेकडीपुढे, दर वर्षी त्यांच्या निगेवर किती खर्च होणार याचा आकडा अंदाजपत्रकात उभा राहिला पाहिजे. हा आकार कोणा शेतकऱ्याकडून वसूल करावयाचा नाही. पायथ्याशी निर्धास्त झोपू इच्छिणाऱ्या आपण सर्वांनी तो आपल्यावर बसवून घ्यावयाचा आहे.